नव्या घराला बंब हवा? मग एकदा नाशिकला चला

घर बांधून झालं की पहिला वाद स्वयंपाकघरातल्या ओट्याचा, आणि दुसरा न्हाणीघरातल्या गरम पाण्याचा. ओट्याबद्दल घरातली सगळी माणसं मत देतात. गरम पाण्याचा प्रश्न मात्र हळूच तुमच्या पदरात येऊन पडतो. सकाळी सहाला पाणी तापलेलं नसलं तर बोलणी कुणाला खावी लागतात, हे मी सांगायला नको!

अलीकडे बंगली किंवा रो-हाउस बांधणाऱ्या घरांतून एक विषय हमखास निघतो: "आपण बंब घेऊ या का?" सासूबाईंना जुन्या वाड्यातलं न्हाणीघर आठवतं, ह्यांना विजेच्या बिलाची काळजी असते, आणि लेकीला तांब्याचा लखलखीत बंब फोटोत छान दिसेल असं वाटतं. कारणं तीन, बंब एकच. तुम्ही "हो" म्हणण्याआधी एक दिवस काढा आणि नाशिकला जाऊन या. बंब घ्या किंवा घेऊ नका. पण आपण काय घेतो आहोत आणि काय सोडतो आहोत, ते तिथे चांगलं कळतं.

नाशिकची थंडी आणि आपली रीत

नाशिकलाच का, असं विचाराल. एक तर थंडी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरला तर नाशिककरांना त्याचं नवल नसतं. जानेवारी १९४५ मध्ये तो शून्याच्या अगदी जवळ, ०.६ अंशांपर्यंत गेला होता. शेजारच्या निफाडची तर गोष्टच वेगळी. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या आसपास आला होता. अशा रात्री द्राक्षबागायतदार झोपत नाहीत. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात आणि पहाटे वेलींना पाणी देतात. तुम्ही जानेवारीत पहाटेच्या गाडीने गेलात, तर त्या शेकोट्यांचा धूर शेतांवर पसरलेला दिसेल.

एवढी थंडी असूनही आपल्याकडे खोल्या तापवायची रीत नाही. काश्मीरात बुखारी पेटते, किंवा हमाम असतो: दगडी फरशीखाली लाकडं जळतात, त्यावर तांब्याच्या हंड्यात पाणी तापतं आणि खोलीही ऊबदार होते. युरोपात लोखंडी स्टोव्हवर घरंच्या घरं तापतात. आपण घर तापवत नाही, माणूस तापवतो! कढत पाण्याची आंघोळ, वर आल्याचा चहा आणि रात्री गोधडी. म्हणून आपल्या घरातला लाकडावरचा 'हीटर' दिवाणखान्यात बसला नाही, तो न्हाणीघराच्या दाराशी बसला. कोकणात चुलीवरचा हंडा, गोव्यात भाण, आणि देशावर बंब. हा शब्दसुद्धा पाहुणाच आहे. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या पंपाला 'बोंबा' म्हणतात, त्यावरून तो आला असं मानतात. आगीचा बंब आणि आंघोळीचा बंब ही सख्खी भावंडं आहेत, फक्त एक आग विझवतो आणि दुसरा पोटात घेऊन बसतो.

भांडी बाजाराची वाट

दुसरं कारण म्हणजे नाशिकची भांडी. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची ख्याती जुनी आहे. इंग्रजांनी १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येसुद्धा तिची नोंद आहे. यात्रेकरू रामकुंडावर स्नान करायचे, काळारामाचं दर्शन घ्यायचे आणि जाताना गंगाजळाला तांब्याचा गडू घेऊन जायचे. (नाशिकचे लोक गोदावरीला 'गंगा'च म्हणतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर पत्ता विचारताना घोटाळा होईल.) तीर्थ आणि तांबं अशी जोडीच जमली.

नाशिकरोड स्टेशनावर उतरलात तर जुनं गाव तिथून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. बस किंवा रिक्षाने रविवार कारंजाला या. तिथून पुढे पायीच चाला. सरकारवाड्याच्या बाजूने खाली उतरत गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजार लागतात, आणि आणखी खाली नदी. ही दुकानं नदीला किती जवळ आहेत ते पुराच्या वर्षी कळतं. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत इथे दुकानांतून पाणी शिरलं होतं. नदीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पुराचा अंदाज करतात, आणि भांडी बाजारातले व्यापारी त्यावरून माल माडीवर चढवायचा की नाही ते ठरवतात.

भद्रकालीच्या अंगाला जुनी तांबट लेन आहे. रंगपंचमीला नाशिकात ज्या पेशवेकालीन रहाडी उघडतात, म्हणजे रंगाने भरलेले मोठाले हौद, त्यांतली एक ह्याच गल्लीत. बाकी वर्षभर ह्या गल्लीची ओळख एकच: ठोक्यांचा आवाज. आता तो पूर्वीइतका घुमत नाही. आधी स्टीलची भांडी आली, मग घरोघर गिझर आले, आणि मोठी तांब्याची भांडी मागणारं गिऱ्हाईक आटलं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचीही तीच कथा. बंब घडवणारे हात आता थोडे राहिले आहेत. म्हणून दुकानात बंब दिसला तर "हा कुठे घडला?" असं जरूर विचारा. सांगणारा खुशीने सांगतो.

एक गंमत तिथे डोळ्यांनी पाहा. तांब्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या ज्या टिकल्या दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते. पण तांबं तापवलं की मऊ होतं आणि ठोकलं की टणक होतं. पत्र्याला ताकद यावी म्हणून तांबट तो मठारतो. शोभा ही वर मिळालेली भेट. यंत्रावर नुसत्या टिकल्या उठवलेलं भांडं आणि हाताने मठारलेलं भांडं शेजारी ठेवून बोटांनी दाबून पाहा, फरक हाताला कळेल.

बंबाच्या पोटात काय असतं?

बाहेरून बंब म्हणजे तांब्याचा उभा पिंप. खरी करामत आत आहे. मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळी जाते. तिच्या तळाशी लोखंडी जाळी असते. नळीत जाळ, आणि नळीभोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडाशी आच लागते आणि निम्मा जाळ बाजूने वाया जातो. बंबात मात्र पाण्याने जाळाला सगळीकडून कवेत घेतलेलं असतं. राख जाळीखाली पडते आणि खालून हवा येत राहते.

बंब दोन तऱ्हेचे असतात. एकाला खाली तोटी असते. तोटी सोडली की पाणी येतं. ह्याची काळजी अशी की पाणी संपत आलं तरी कळत नाही. दुसऱ्याला वर नसराळं असतं. त्यात गार तांब्या ओतला की तेवढंच गरम पाणी वरच्या नळीतून बाहेर येतं. गार पाणी जड, ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी बाहेर ढकलतं. हा बंब कधी रिकामा होत नाही. घरात विसराळू माणसं असली (आणि कुठे नसतात?) तर दुसरी तऱ्हा बरी.

तांबंच का, लोखंड का नको? उष्णता वाहून नेण्यात तांबं लोखंडाच्या सुमारे पाचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट सरस आहे. शिवाय ते गंजून भोक पडत नाही. मात्र "तांब्याच्या बंबातल्या पाण्याने संधिवात जातो" असं कुणी सांगू लागलं तर हसून सोडून द्या. कढत पाण्याने सांध्यांना बरं वाटतं ते शेकामुळे, आणि ते कुठल्याही भांड्यातल्या पाण्याने वाटतं.

घेताना काय पाहाल?

बंब वजनावर विकला जातो. म्हणून लोखंडी जाळी आणि पितळी तोटी काढून ठेवून तांब्याचं वजन वेगळं करायला सांगा. तांब्याच्या भावात लोखंड घेऊ नका. पत्र्याची जाडी 'गेज'मध्ये सांगतात, आणि इथेच बायका फसतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ! वीस गेजचा पत्रा जवळजवळ एक मिलिमीटर जाड, तर चोवीस गेजचा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. रोज पेटवायचा तर जाड पत्राच हवा, निदान मधल्या नळीला तरी.

मग बंब काठोकाठ भरायला सांगा आणि तोवर दुसरी खरेदी करून या. सांध्याशी एक थेंब जरी दिसला तरी तो बंब नको. मधल्या नळीत वरून डोकावून पाहा. खालचा उजेड स्वच्छ दिसला पाहिजे. झाकण सैल बसतं ना, तेही पाहा. वाफेला बाहेर जायला वाट हवीच. कुणी प्लंबर "थेट नळाला जोडून वर पक्कं बंद करून देतो" म्हणाला, तर ऐकू नका. कोंडलेली वाफ तांब्यालाही फाडते.

जुना बंब मोडीतून मिळतो आणि स्वस्त पडतो. पण तो रात्रभर पाणी भरून ठेवून मगच घ्यायचा. आणि शोभेसाठी बनवलेले, वरून चकचकीत लाखेचा हात दिलेले छोटे बंब असतात, ते दिवाणखान्यातच ठेवा. त्यांत कधी जाळ घालू नका.

घरी आल्यावर एकच व्रत पाळायचं: पाणी भरल्याशिवाय काडी लावायची नाही. रिकाम्या बंबात जाळ झाला की सांध्याचा डाख सुटतो आणि एका सकाळीत हजारोंची वस्तू गळकी होते. बोअरचं पाणी असेल तर आत क्षारांचं पांढरं किटण धरतं. महिन्या-दोन महिन्यांनी चिंचेचं दाट पाणी रात्रभर आत ठेवून सकाळी खळखळून धुवा. बाहेरून चिंच-मीठ किंवा लिंबाची फोड.

पैशाचा हिशेब

आता ह्यांच्या बिलाकडे वळू. चार माणसांच्या आंघोळीला चाळीस लिटर कढत पाणी पुरतं. त्यात तेवढंच गार मिसळलं की चार बादल्या होतात. वीस अंशांचं चाळीस लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला विजेची सुमारे दोन युनिटं लागतात. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण चार युनिटांएवढी उष्णता असते, पण ती सगळी पाण्यात उतरत नाही. निम्मी उतरली तर एक किलो लाकूड पुरेल, पाव उतरली तर दोन किलो. म्हणजे महिन्याला तीस ते साठ किलो सरपण. तुमच्या गावच्या वखारीचा भाव आणि तुमच्या बिलातला युनिटचा दर मांडून पाहा. सरपण विकतच आणायचं असेल तर बचत वाटते तेवढी नसते. परसात नारळ असेल, करवंट्या, झावळ्या, वठलेल्या फांद्या घरच्याच असतील, तर मात्र बंब फायद्याचा.

आणि सूर्य? छपरावर ऊन येणारं स्वतंत्र घर असेल तर सौर बंबाचा विचार आधी करा. नाशिकच्या थंडीत आकाश निरभ्र असतं, त्यामुळे ज्या दिवसांत गरम पाणी लागतं त्याच दिवसांत तो चांगला चालतो. पंचाईत फक्त पावसाळ्यात. कित्येक घरांत आता सौर यंत्र रोजचं आणि बंब पावसाळ्यापुरता, दिवाळीपुरता, अशी वाटणी करतात. ती मला शहाणपणाची वाटते. "विजेचा गिझर तर धूरच करत नाही" असं म्हणणाऱ्यांना मात्र एकलहऱ्याची धुरांडी दाखवा. नाशिकजवळच्या त्या औष्णिक केंद्रात कोळसाच जळतो. धूर आपल्या दारात नसतो, इतकंच.

सरपण कसलं? बाभळीचं लाकूड निखारा चांगला धरतं. ओलं लाकूड कधीच नको. बरीच आच ते स्वतःलाच वाळवण्यात घालवतं आणि वर डोळे चोळायला लावतं. पावसाळ्याआधी सहा महिने वाळलेलं सरपण आडोशाला रचून ठेवा. नाशिककडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पुष्कळ मिळतात. पण बागांवर औषधं आणि मोरचूद फवारलेलं असतं, तेव्हा अशा काड्या जाळणं टाळलेलं बरं. रंग दिलेली फळकुटं, प्लायवूड आणि प्लॅस्टिक तर मुळीच नको. आणि शहरात अंगणातलं झाड जळणासाठी तोडायचं मनात आणू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते.

जागा चुकली तर सगळंच चुकलं

आता जे सांगते, ते ह्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. बाकी विसरलात तरी चालेल.

बंब बंद न्हाणीघरात पेटवायचा नाही. फ्लॅटच्या बंदिस्त गॅलरीतही नाही. जुन्या वाड्यांतलं न्हाणीघर परसात असे, वर कौलं, भिंतींना झरोके, दाराला फटी. तिथे धूर कोंडत नसे. आजच्या टाइल्स लावलेल्या, काचेची तावदानं घट्ट बसणाऱ्या न्हाणीघरात तोच बंब जीव घेऊ शकतो. आणि धोका धुराच्या वेळी नसतो एवढा तो धूर संपल्यावर असतो. लाल निखारे दिसतात, धूर नाही, वास नाही, उबेला बरं वाटतं, म्हणून आपण दार ओढून घेतो. त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. गॅसच्या गिझरलाही हेच लागू आहे.

घरात बाळंतीण असेल तर हे दोनदा वाचा. बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायची आपली जुनी चाल आहे. वारा लागू नये म्हणून खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात, आणि आत तान्हं बाळ असतं. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी खोलीबाहेर काढा. बाळाला वाऱ्यापासून जपायला टोपडं आहे, दुपटं आहे. त्या वायूपासून जपायला उघड्या खिडकीशिवाय काही नाही. कुणाचं डोकं गरगरू लागलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

तेव्हा बंबाची जागा परसात, वर छप्पर आणि निदान दोन बाजू उघड्या, अशी हवी. नवं घर बांधताना हे नकाशातच काढून घ्या. सकाळच्या वेळी तिथे उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. तुमच्या किंवा शेजारणीच्या खिडकीकडे जात असेल तर जागा बदला. बादलीत आधी गार पाणी, मग कढत, ही सवय मुलांना लावा. आणि बंबाभोवती हातभर उंचीचा कठडा घाला. तापलेलं तांबं दिसायला थंड तांब्यासारखंच दिसतं.

पेटवायचा कुणी?

शेवटचा प्रश्न कुठल्याच दुकानात कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. बंब रोज पेटवणार कोण? बंब म्हणजे सकाळी अर्धा-पाऊण तास आधी उठणं, राख काढणं, सरपण फोडणं, पाणी भरणं आणि आठवड्याला तो घासणं. वाड्यातल्या ज्या बंबाची सगळे कौतुकाने आठवण काढतात, तो कुणीतरी पहाटे पाचला उठून फुंकत होतं. त्या फुंकणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. तुम्ही मात्र भांडी बाजारात पैसे मोजण्याआधी घरात विचारून घ्या. ज्यांना वीजबिल वाचवायचं आहे त्यांनी सरपण फोडावं, ज्यांना फोटो हवा त्यांनी चिंच लावून घासावा, आणि पहाटेची पाळी सगळ्यांनी वाटून घ्यावी. ह्याला सगळे राजी झाले तर खुशाल बंब घ्या, आणि चांगला जाड पत्र्याचा घ्या. तांबटाचीही चार दिवसांची मजुरी सुटेल. राजी नसतील, तर नाशिकहून तांब्याचा एक छानसा गडू आणि पावशेर चिवडा आणा, आणि छपरावर ऊन किती वेळ राहतं ते मोजायला लागा.

सरकारवाड्यापाशी खरेदी झाली की बुधवार असेल तर गंगेवरचा आठवडे बाजार जरूर करा. जड वस्तू असेल तर दुकानातच ठेवायला सांगा आणि जाताना उचला. पावती घेताना त्यावर वजन आणि गेज, दोन्ही लिहून घ्यायला मात्र विसरू नका.